दिवे लावून सेल्फ मारा

गाडी सरळ बंद पडली असती तर बरं झालं असतं. टोचन करून नेली असती, फिटरनं बॉनेट उघडून काय ते सांगितलं असतं, पैसे घेतले असते, विषय संपला असता. आमची गाडी बंद पडत नव्हती. दहातल्या नऊ वेळा किल्ली फिरवली की शहाण्यासारखी लागायची आणि दहाव्या वेळी फक्त ‘टक्’ म्हणायची. एकच टक्. मग शांतता. पाच मिनिटांनी, कधी अर्ध्या तासानं पुन्हा किल्ली फिरवावी, तर काही घडलंच नाही अशा थाटात चालू.

पहिल्यांदा झालं ते फेब्रुवारीत, उंब्रजला. साताऱ्याहून कराडला परतताना चहाला थांबलो, वीस मिनिटांनी येऊन बसलो आणि टक्. नवऱ्यानं किल्ली काढली, पुन्हा घातली, क्लच दाबून-सोडून पाहिला. टपरीवरची चार माणसं आपणहून आली, धक्का मारायला जागा नव्हती तरी मारायला तयार झाली. तेवढ्यात गाडी लागली. चौघांनी ‘झालं, झालं’ म्हणून हात झटकले, जणू त्यांनी नुसतं जवळ येऊन उभं राहिल्यानंच ती सुधारली होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तसंच वाटलं.

गाडी चौदा वर्षांची, पेट्रोलची, छोटी. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण पुढे जे निघालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. मी बारावीला फिजिक्स शिकवते. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे लाज वाटणार आहे.

गॅरेजला नेली की ती लागायचीच. दुखरी दाढ डॉक्टरच्या दारात गप्प बसते तशी. फिटर दहा वेळा सेल्फ मारायचा, दहाही वेळा इंजिन पकडायचं, आणि मग तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचा ती नजर बायकांना गॅरेजमध्ये नवीन नाही. ‘मॅडम, क्लच पूर्ण दाबत नसाल.’ क्लच दाबला तरच सेल्फ लागेल अशी सोयच आमच्या गाडीला नाही, हे त्याला माहीत असायला हवं होतं. पण मी गप्प बसले. पुरावा माझ्या बाजूनं नव्हता.

मग सुरू झाली औषधं. पहिल्या फिटरनं बॅटरी उतरलीय म्हणून निदान केलं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली होती हे खरं. ती त्यानं गरम पाणी ओतून धुतली, नवीन बॅटरी बसवली, वरून पेट्रोलियम जेली चोपडली. 4,200 रुपये. अकरा दिवस गाडी एकदाही रुसली नाही. बाराव्या दिवशी कॉलेजच्या गेटपाशी, सुट्टीच्या वेळी, दोनशे पोरांच्या साक्षीनं टक्. दुसऱ्यानं स्टार्टर मोटर, म्हणजे सेल्फच, खाली उतरवली, कार्बन बदलले, बुश बदलले, 1,800 घेतले. तेवीस दिवस. तिसऱ्यानं इग्निशन स्विच बदलला. त्याचे किती गेले ते नवऱ्यानं मला सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. आठ दिवस.

आता गंमत बघा. यातला प्रत्येक जण आपल्या परीनं बरोबरच होता. जुनी बॅटरी थकलेली होतीच, कार्बन झिजलेले होतेच. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी सुधारायची! रोज बिघडणाऱ्या वस्तूला चुकीचं औषध दिलं तर ते संध्याकाळपर्यंत उघडं पडतं. अधूनमधून बिघडणाऱ्या वस्तूला कुठलंही औषध लागू पडतं, निदान काही दिवस. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, म्हणतो आपण. इथं उलटं होतं. कावळा बसला आणि फांदी सावरली, म्हणून आम्ही कावळ्याचे आभार मानत होतो.

घरात हळूहळू एक धर्मशास्त्र तयार झालं. नवऱ्याचा नियम असा की गाडी बंद करायच्या आधी दोन मिनिटं एसी बंद करायचा. मुलगी म्हणायची, किल्ली एका दमात फिरवायची नाही. आधी निम्मी, मग तीन मोजायचे, मग पूर्ण. सासूबाईंनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. मी हसले, पण सोडून टाकली नाही. आणि मी स्वतः? मी किल्ली फिरवताना डाव्या हातानं डॅशबोर्डवर एक चापट मारायचे. फिजिक्सची एम.एस्सी. आहे मी.

एका रविवारी बसून हिशोब केला तेव्हा जरा डोकं ठिकाणावर आलं. गाडी दहात एकदा रुसते असं धरू. म्हणजे नीट लागण्याची शक्यता 0.9. काहीही दुरुस्त न करता ती सलग वीस वेळा नीट लागण्याची शक्यता किती? 0.9 चा विसावा घात, म्हणजे साधारण 12 टक्के. आठात एकदा. नुसत्या नशिबानं! आम्ही दिवसाला जेमतेम दोन वेळा सेल्फ मारतो, म्हणजे आठातला एक बोगस उपायही दहा दिवस रामबाण वाटणार. हीच शक्यता 5 टक्क्यांच्या खाली आणायची तर सलग 29 वेळा गाडी लागायला हवी, एकही टक् न होता. मी तीस हा आकडा ठरवला. तीस खुणा होईपर्यंत ‘झाली दुरुस्त’ हा शब्द घरात कुणी काढायचा नाही. तेवीस दिवस टिकलेली स्टार्टरची दुरुस्ती या कसोटीवर पास झाली असती, हे तेव्हाच लक्षात आलं, आणि ते मला आवडलं नाही. त्याचं कारण पुढे कळलं.

या खुणा मांडायला वही ठेवायची कल्पना मात्र माझी नाही, ती सासऱ्यांच्या हृदयाची आहे. त्यांना मध्येच चक्कर यायची आणि ईसीजी काढला की सरळ. डॉक्टरांनी त्यांच्या छातीला तारा चिकटवून कमरेला छोटं यंत्र लावलं, होल्टर म्हणतात त्याला, चोवीस तास. आणि सोबत एक कागद दिला: चक्कर येईल तेव्हा किती वाजले आणि काय करत होतात ते लिहा. यंत्र नोंद करणारच आहे, मग कागद कशाला, असं सासऱ्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘यंत्राला ठोके कळतात हो, तुम्ही जिना चढत होतात की नाही ते कळत नाही.’

शंभर पानी वही ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, गाडी बंद करून किती मिनिटं झाली, त्याआधी किती चालली होती, लागली की नाही. लागली नाही त्याचीच नोंद करायची हा मोह होतो. पण लागली त्याची नोंद नसेल तर न लागल्याची नोंद निरुपयोगी. नवरा आठवड्यात कंटाळला, मुलीनं रकाने आखून दिले. महिनाभरात 61 ओळी झाल्या, त्यात सहा फुल्या. आणि सहाच्या सहा फुल्या एकाच रांगेत बसल्या: गाडी किमान वीस किलोमीटर चाललेली, मग दहा ते तीस मिनिटं थांबलेली. सकाळची पहिली किल्ली एकदाही चुकली नव्हती. गॅरेजला आम्ही गाडी नेत होतो ती सकाळी, कॉलेजच्या आधी, घरापासून दोन किलोमीटरवर. गार गाडी.

वही घेऊन मी ओगलेवाडी रोडच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तिथले गृहस्थ फक्त गाड्यांची वायरिंग करतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. साठीचे असतील. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा लावला, दोन पानं नीट वाचली. आजवर माझ्या विद्यार्थ्यांनीही माझं लिखाण इतक्या मन लावून वाचलेलं नाही.

‘टक् होतं तेव्हा दिवे काय करतात?’

मला माहीत नव्हतं.

‘मॅडम, हेडलाइट लावायचे, समोर भिंत बघायची आणि मग सेल्फ मारायचा. दिवे सगळं सांगतात.’

चार महिने आम्ही नुसते दिवे लावत होतो. गाडीचे लावून बघावेत हे एकालाही सुचलं नव्हतं.

मग त्यांनी स्टुलावर बसवून मला जे सांगितलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या तोडीचं होतं. किल्ली फिरवल्यावर दिवे पार विझायला आले आणि आवाज टकटकटकटक असा झाला, तर बॅटरीत जीव नाही किंवा टर्मिनल सैल. दिवे जसेच्या तसे आणि आवाजही नाही, तर किल्लीचा निरोपच खाली पोहोचत नाही: स्विच, रिले, फ्यूज, ती गल्ली धरायची. दिवे फार न दबता एकच टक् झाला, तर निरोप पोहोचला, सोलेनॉइडनं, म्हणजे मोटरला वीज जोडून देणाऱ्या स्विचनं, आपलं काम केलं, पण मोटरला दाणापाणी पुरत नाही. आणि सेल्फ घरघर फिरतोय पण इंजिन पकडत नाही, हा तर वेगळाच संसार. तिथं पेट्रोल, स्पार्क, सेन्सर बघायचे, बॅटरीला हातही लावायचा नाही. ‘लोक चारी गोष्टींना एकच नाव देतात,’ चाचा म्हणाले. ‘गाडी चालू होत नाही. अहो, पोट दुखतंय म्हटलं की लगेच अपेंडिक्स काढता का?’

‘आणि गाडी गरम घेऊन या. थंड गाडी आणून मला काय दाखवता?’

दोन दिवस मी कॉलेज सुटल्यावर मसूरपर्यंत जाऊन यायचे आणि चाचांच्या शेडसमोर गाडी बंद करून पंधरा मिनिटं बाकावर बसायचे. दोन्ही दिवस गाडी लागली. तिसऱ्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं, बॉनेटवर हात ठेववत नव्हता. हेडलाइट लावले, समोरच्या पत्र्यावर उजेडाचे दोन गोल पडले. किल्ली फिरवली. टक्. गोल किंचित पिवळट झाले आणि तसेच राहिले.

‘लागली नाही! चाचा, लागली नाही!’ मी ओरडले. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी थांबून पाहिलं. गाडी लागली नाही म्हणून इतकं आनंदलेलं माणूस त्यांनी पूर्वी पाहिलं नसावं.

चाचा धावत आले नाहीत. चहाचा ग्लास खाली ठेवला, मीटर उचललं. बॅटरीच्या दोन टोकांना लावलं: 12.5 व्होल्ट. उत्तम, पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना 12.6 च्या आसपास असते. मग त्यांनी मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावरच टेकवली, वरच्या क्लॅम्पवर नाही, आणि लाल सुई इंजिनच्या उघड्या लोखंडावर. ‘मारा सेल्फ.’ टक्. मीटरवर आकडा आला 3.4.

मला आकडा दिसला आणि कान तापले. बॅटरीचा मायनस आणि इंजिन या दोन जागा विजेच्या दृष्टीनं एकच असायला हव्यात. सेल्फ मारताना त्यांच्यात फार तर पाव-अर्धा व्होल्ट दिसावा. तिथं 3.4 दिसतात याचा अर्थ परतीच्या वाटेवर कुठंतरी चोर बसलाय.

गॅरेजवाले याला अर्थिंग म्हणतात. वर्गात कुणी तसं म्हटलं तर मी टोकते, कारण गाडीचा जमिनीशी काही संबंध नाही, ती चार रबरी टायरांवर उभी असते. घरातलं अर्थिंग खरंच जमिनीत जातं. गाडीत नुसती परतीची वायर वाचवलेली असते आणि पत्र्याची बॉडीच वायरीचं काम करते. दिवे, हॉर्न, वायपर, सगळ्यांची वीज बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत येते. पण इंजिन बॉडीला थेट लागलेलं नसतं. हादरे बसू नयेत म्हणून ते रबराच्या ठोकळ्यांवर बसवतात, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून आमच्या गाडीत इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या बारीक तारांची, वेणीसारखी विणलेली एक पट्टी असते. स्टार्टर इंजिनला बोल्टनं आवळलेला. त्याच्या विजेला घरी जायला तेवढी एकच मोठी वाट.

आता माझी लाज. दोन हेडलाइट मिळून 10 अँपिअरच्या आसपास घेतात. स्टार्टर शंभर-दीडशे सहज घेतो, पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. पट्टीत समजा 0.03 ओहमचा रोध तयार झाला. शंभर अँपिअर गुणिले 0.03, म्हणजे 3 व्होल्ट वाटेतच गेले, आणि उरलेल्यात तापलेल्या इंजिनला फिरवायची ताकद मोटरकडे नाही. हाच 0.03 साध्या मीटरवर ओहम मोजायला गेलं तर दिसत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं माझ्यासमोर मीटरचा पीं असा आवाज काढून दाखवला होता, म्हणजे वीज आरपार जातेय. ‘अर्थिंग ओके आहे मॅडम, बघा.’ मी मान डोलावली होती. वाट मोकळी आहे का हे एकटा माणूस चालवून बघायचं नसतं. दिंडी सोडून बघायचं असतं. बॅटरीचा अंतर्गत रोध, टर्मिनलचा व्होल्टेज, हे प्रकरण मी दरवर्षी शिकवते. फळ्यावर तो रोध आयतात कोंबलेली एक नागमोडी रेघ असते. तो बॉनेटखाली गंजलेल्या बोल्टच्या रूपात बसलेला असेल असं कधी डोक्यात आलं नाही.

आणि ऊन? तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. गार गाडी आणि नुकतंच बंद केलेलं गरम इंजिन यांत साठेक अंशांचा फरक धरला तर रोध जवळपास चतुर्थांशानं वाढला. स्टार्टरच्या गुंडाळ्याही त्याच तांब्याच्या, त्याही तापून आळसावलेल्या. धडधाकट गाडीला हे सगळं पचतं. आमची काठावर उभी होती, तिला उन्हाची फुंकर पुरत होती.

चाचांनी पट्टी शोधायला सुरुवात केली नाही. आधी त्यांनी जंप स्टार्टची एक जाड केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा इंजिनच्या वरच्या हुकाला लावला. पट्टीला समांतर दुसरी वाट. ‘आता मारा.’

गाडी इतक्या जोरात लागली की मी दचकले. सेल्फचा तो आवाज चौदा वर्षांपूर्वीचा होता. तो मंदावत गेलाय हे रोज ऐकणाऱ्या आम्हाला कळलंच नव्हतं.

पट्टी मग निघाली. बॅटरीच्या ट्रेखाली, अगदी अंधारात. वरून वर्षानुवर्षं ॲसिड पाझरून ती शेवाळासारखी हिरवी झाली होती, आणि बोल्टच्या डोळ्यापाशी बहुतेक तारा तुटून झाडूसारख्या पिंजारल्या होत्या. मोजक्या धडधाकट तारांवर सगळा भार. चाचांनी बोटानं ती हलवून दाखवली: अशी धरली तर चिकटते, अशी सोडली तर सुटते. बॅटरी बदलणाऱ्यानं ट्रे उचलून ठेवला होता तेव्हा ही हलली. स्टार्टर उतरवणाऱ्याचा हात तिथूनच आत गेला होता, त्यानं तर तो बोल्ट सैल करून पुन्हा आवळलाही असणार. तेवीस दिवसांचं कोडं ते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी खरे, पण बंब प्रत्येक वेळी रामेश्वरावरूनच गेला होता आणि जाता जाता चार थेंब सांडत होता.

नवी पट्टी, दोन्ही टोकांना पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासलेला पत्रा, वर ग्रीसचा हात. 350 रुपये, मजुरीसकट. गरम गाडीवर पुन्हा मीटर लावलं: 0.2.

पैसे देताना चाचांनी विचारलं, ‘क्लचची केबल कधी बदलली?’

मी चपापले. आदल्या दिवाळीत बदलली होती. क्लच एकाएकी जड झाला होता आणि गॅरेजवाल्यानं जुनी केबल कापून आतलं प्लॅस्टिकचं अस्तर दाखवलं होतं, मेणासारखं वितळून तारेला चिकटलेलं. ‘उन्हाळ्यात होतं असं,’ तो म्हणाला होता. दिवाळीत! आणि आम्ही ते ऐकून घेतलं होतं.

‘विजेला घरी जायचंच असतं,’ चाचा म्हणाले. ‘मोठा रस्ता अडला की ती गल्लीबोळातून जाते. क्लचची केबल लोखंडाची, इंजिनपासून बॉडीपर्यंत. तीस-चाळीस अँपिअर तिच्यातून गेले असतील, आत शेगडीच पेटली. तुमची गाडी तेव्हापासून सांगतेय.’

कारच्या या विद्युत स्टार्टरचा जनक चार्ल्स केटरिंग हाही काही काळ शाळामास्तर होता. इंजिन सुरू करायला हँडल मारताना माणसांचे हात मोडत, म्हणून त्यानं तो केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत तो पहिल्यांदा आला. त्याची युक्ती साधी होती: मोटर लहान असली तरी चालेल, तिला काही क्षणच राबायचंय, तेवढ्यापुरती वीज तिच्यात वारेमाप ओता. हे मी त्या रात्री वाचत बसले. मास्तर म्हणून जरा आधार वाटला. तेवढ्यात नवऱ्यानं विचारलं की लिंबू-मिरची आता काढायची का, आणि सासूबाई आतून म्हणाल्या, ‘राहू दे, कशाला हात लावता, चालतंय ना?’

दुसऱ्या दिवसापासून वहीत नवं पान लावलं. फक्त गरम गाडीच्या खुणा धरायच्या; गार गाडीच्या वीस खुणा म्हणजे वीस शून्यं. त्यामुळे तीस व्हायला वेळ लागला. जून संपला, पाऊस आला, गाडी मनासारखी तापेना. तिसावी खूण झाली पाटणच्या एसटी स्टँडसमोर, ऑगस्टमध्ये, मुलीनं ती लाल पेननं केली. वहीची उरलेली पानं कोरी होती, त्यात आता दुधाचा हिशोब असतो. वही मात्र अजून ग्लोव्ह बॉक्समध्येच आहे, त्यामुळे दूधवाला आला की कुणाला तरी खाली गाडीपर्यंत पळावं लागतं.